प्रवासभत्ता

या, या. जोडे बाहेर काढा.
गाडीच आहे हो, पण आत देवघर आहे.
घंटा आपोआप वाजते सकाळी सहाला,
आणि हॉर्न दाबला तरी वाजते,
म्हणजे गायीला हटवायचं तरी आरती होते.
पुण्य किती साठलं, हिशेब चालू आहे.

हा फ्रिज दुधाचा. हा आंब्यांचा.
हा तिसरा, रिकामा.
रिकामा का, म्हणून सगळी गोठ विचारते.
अहो, भरला तर तो फ्रिज झाला.
रिकामा आहे तोवर वैभव आहे.

लोणच्याच्या बरण्यांखाली स्प्रिंगा.
खड्ड्यात तुमचा मणका जाईल,
कैरीची फोड जागची हलायची नाही.

पुरणयंत्राला मोटर, अर्ध्या अश्वशक्तीची.
होळीला पुरण खिडकीतून समोरच्या भिंतीवर गेलं.
वाया नाही गेलं. भिंत शितोळ्यांची होती.

संडास दोन, एक आपला, एक साहेबी.
हं हं, ते बटण नको!
त्यानं छत उघडतं,
छतावर तुळस आहे, तुळशीला ठिबक आहे,
आणि ठिबक सध्या तुमच्या डोक्यावर आहे.
हा घ्या टॉवेल. टॉवेल वाळवायचंही यंत्र आहे.

बाजूचं छप्पर मोटरीनं बाहेर येतं.
आलं, ते परत जात नाही.
शितोळेकाकू त्यावर गॅलरीतून पापड घालतात,
उडदाचे एका अंगाला, साबुदाण्याचे दुसऱ्या.
इतकं लांबरुंद आहे, सांगतो काय!

कॅमेरे सहा.
मागच्यात गाय दिसते.
सात महिने झाले, तीच गाय.
नकाशातली बाई रोज म्हणते,
'शंभर मीटरवर डावीकडे वळा.'
सुहासिनी कणीक मळता मळता म्हणते,
'तूच वळून दाखव गं, बाई.'

बरं, विचारा आता. चेहऱ्यावर दिसतंयच.
गोठीचं तोंड नऊ फूट,
गाडी आठ फूट अकरा इंच.
आत आली रात्री दोनला, पोरांनी बांबूनं तारा उचलल्या,
कुणीतरी 'गणपती बाप्पा' म्हणालं, भर माघात.
आणि त्याच आठवड्यात वीजमंडळानं
तोंडाशी ट्रान्सफॉर्मर बसवला.
लोक म्हणतात, पोतनीसांची गाडी अडकली.
अडकली हा शब्द ऑडिटात नाही.
आम्ही लिहितो: प्रलंबित.

छत्तीस वर्षं एजी ऑफिसात
दुसऱ्यांचे प्रवासभत्ते तपासले मी.
भिंडच्या एका ओव्हरसियरचे टांग्याचे साडेतीन रुपये
तीनदा परत पाठवले.
शेरा मारला: 'चालत जाणे शक्य होते.'
लाल शाईत, अक्षर फार सुरेख होतं माझं.
मी स्वतः? मुरारच्या पलीकडे
रजा टाकून कधी गेलो नाही.
पचमढी बिलांवर पाहिली. उटी बिलांवर पाहिली.
उटीचं हॉटेल महाग आहे, जाऊ नका.

परवा सत्तेचाळीस डिग्री, वीज गेली.
आमच्या चार बॅटऱ्या, दोन एसी, जोरात!
मग शितोळे आले, मोघ्यांची जुळी आली,
दहावीची एक मुलगी पुस्तकं घेऊन आली,
गजकवाला आला, त्याचा माल पाघळत होता.
तिसरा फ्रिज भरला, काय करणार.
साहेबी संडासाला रांग लागली.

रात्री सगळे गेल्यावर सुहासिनी पाय पसरून म्हणाली,
'किती लांब आलो हो आपण.'
घराचं दार अकरा पावलांवर होतं.
मी दिवा लावला, वही काढली, लिहिलं:

निघण्याचे ठिकाण: चिटणीसांची गोठ, लष्कर.
पोहोचण्याचे ठिकाण: तेच.
अंतर: शून्य.
मुक्काम: एक रात्र, सहकुटुंब.

खाली लाल शाईत सही केली, मंजूर.
शेजारी त्या ओव्हरसियरचेही
साडेतीन रुपये मंजूर करून टाकले,
व्याजासकट.

चला, आता तुम्हाला पाय दाबायचं यंत्र दाखवतो.
घाबरू नका, सोडतं ते. थोड्या वेळानं सोडतं.